सरकारी औषधी मच्छरदाणी: गरोदर बाईच्या अंथरुणावर ती कितपत टिकते?

गडचिरोलीच्या एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची पट्ट्यात आरोग्य विभाग फुकट वाटतो त्या औषधी मच्छरदाणीबद्दल हे लिहिणं आहे. तिची पारख इथे गरोदर बाईच्या, त्यातही पहिलटकरणीच्या गरजेने केली आहे. फाल्सिपेरम या प्रकारच्या हिवतापाचे जंतू गर्भारपणी वारेत (पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या अवयवात) जाऊन दडतात. अंगात ताप नसला तरी आईचं रक्त घटत राहतं आणि मूल कमी वजनाचं जन्मतं. पहिल्या खेपेला हा धोका सगळ्यांत जास्त.

वस्तू म्हणून मच्छरदाणी चोख आहे. जाळीवर डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा लेप असतो, किंवा अल्फा-सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक धाग्यातच मिसळलेलं असतं. जाळीवर बसलेला डास मरतो, त्यामुळे एखाददुसरं बारीक भोक पडलं म्हणून काम थांबत नाही. हमी साधारण 20 धुण्यांची आणि 3 वर्षांच्या वापराची. पाकीट फोडल्यावर 24 तास सावलीत टांगून ठेवायची, नाहीतर पहिल्या रात्री चेहरा चुणचुणतो आणि मच्छरदाणी दुसऱ्या दिवशी पेटीत जाते ती तिथेच राहते. नीट वापरली तर पोटातल्या बाळाला तिचा अपाय नाही.

गंमत अशी की बरी परिस्थिती असलेल्या घरात हीच मच्छरदाणी माळ्यावर पडलेली असते आणि पलंगावर बाजारातली चेनवाली, घडीची शोभते. तिला औषध नसतं. झोपेत कोपर जाळीला टेकलं की डास बाहेरून खुशाल चावतो. तिच्या आत सरकारी मच्छरदाणी टांगली तर शोभाही राहते आणि औषधही मिळतं, पण हे त्या घरांना कुणी सांगत नाही, कारण ‘त्यांना सगळं माहीत असतं’.

गरीब घरात अडचण वेगळी. मच्छरदाणी फुकट मिळते. ती वापरायला लागणारा पलंग, गादी आणि मोकळी खोली फुकट मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घराची सांपत्तिक पायरी ठरवताना पलंग, गादी, पंखा अशाच वस्तू मोजतं. आता रात्री काय होतं ते बघा. गादी असली की कड तिच्याखाली खोचायची, ती सकाळपर्यंत हलत नाही. चटईखाली खोचलेली कड कूस बदलली की सुटते. गरोदर बाई रात्री तीन-चारदा लघवीला उठते आणि आठव्या-नवव्या महिन्यात जमिनीपर्यंत वाकून कड परत खोचणं तिला जमत नाही. उपाय साधा आहे: खालच्या कडेला जुन्या लुगड्याची वीतभर पट्टी शिवायची, बाईची निजायची जागा दाराकडे ठेवायची आणि त्या बाजूच्या कडेवर गुंडाळलेली गोधडी टाकायची. पंखा नसलेल्या घरात उकाड्याने मच्छरदाणी वर सारली जाते, त्यावर मात्र तोडगा नाही.

टांगण्यापुरतं कौलारू घर स्लॅबच्या घरापेक्षा सरस. वाशाला चार सुतळ्या बांधल्या की झालं. स्लॅबला हुक ठोकावे लागतात. पण एकाच खोलीत चूल असेल तर ठिणगीने जाळी वितळते आणि धुराने महिन्याभरात काळी पडते. काळी पडली की धुतली जाते, तीही सोड्याने घासून, आणि वाळते उन्हात. औषध तिथेच संपतं. तीन महिन्यांतून एकदा, गार पाण्यात, अंगाच्या साबणाने हलकी धुवावी, सावलीत वाळवावी. पाणी नाल्यात सोडू नये, ते माशांना विष आहे.

भोकं मोजायची रीत ठरलेली आहे. अंगठा जाईल त्याला 1 गुण, मूठ जाईल त्याला 23, डोकं जाईल त्याला 196, त्याहून मोठ्याला 576. बेरीज 64 पर्यंत असेल तर चांगली, 642 च्या पुढे गेली तर बदलून मागावी. मुठीएवढं भोक टाके घालून मिटवलं की 23 गुण वाचतात, म्हणून सुईदोरा मच्छरदाणीच्या पिशवीतच ठेवावा.

पर्याय तोकडे आहेत. लिक्विडच्या मशीनला रात्रभर वीज लागते आणि रिफिलचा खर्च संपत नाही. कॉइलचा धूर बंद खोलीत गरोदर बाईने घेऊ नये. घरातल्या फवारणीला पक्क्या घरचे लोक रंग खराब होतो म्हणून नको म्हणतात. मातीच्या घरात फवारणी होते, पण सणाला भिंती पोतारल्या की औषध मातीखाली जातं. फवारणीनंतर निदान दोन-अडीच महिने भिंतींना हात लावू नये.

माहितीच्या बाबतीत श्रीमंत-गरीब दोघांचंही एक चुकतं: हिवताप गटारामुळे होतो ही समजूत. गटारात वाढतो तो क्युलेक्स, वेगळ्या जातीचा डास. हिवतापाचा डास अॅनोफिलीस, तो झऱ्यात, बांधीत (भातखाचरात), साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पण गटाराच्या समजुतीमुळे अंगण लख्ख असलेलं घर उगाच निर्धास्त असतं. फरक पडतो तो ताप आल्यावर. शिकलेल्या घरची बाई त्याच दिवशी रक्त तपासते. मजुरीवर जाणारी रोज बुडेल म्हणून दोन दिवस थांबते आणि नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेते. त्यात प्रायमाक्विन हे हिवतापाचं औषध असू शकतं, आणि ते गरोदरपणी देत नाहीत. तीन महिने होईपर्यंत दिवस गेल्याचं सांगायचं नाही, अशी रीत असेल तरी आशाताईच्या कानावर ते घालावंच, कारण औषध त्यावर ठरतं. रॅपिड किटला रक्ताचा एक थेंब पुरतो आणि निकाल साधारण 20 मिनिटांत कळतो.

वाटपाच्या व्यवस्थेत सगळ्यांत मोठं भोक नव्या सुनेचं. दोन माणसांमागे एक या हिशेबाने घरटी मच्छरदाण्या येतात, पण मोजणी वाटपाच्या वेळची. नंतर लग्न होऊन आलेली मुलगी पुढच्या फेरीपर्यंत यादीत नसते, आणि तेवढ्यात तिला दिवस गेलेले असतात. पैसे असलेलं घर दुसरी विकत आणतं. बाकीच्या घरांनी गरोदरपणाची नोंदणी करतानाच उपकेंद्रात मागावी, आणि तिथे शिल्लक नसेल तर घरातली सगळ्यांत कमी फाटकी मच्छरदाणी तिच्या अंथरुणावर टांगावी.

वस्तूला पाचपैकी साडेचार. वाटपाला अडीच.