शेंडी की रतनवाडी? भंडारदऱ्यात मुक्काम कुठे करावा

रतनगड करायचाच, असं ठरवून भंडारदऱ्याला निघालेल्यांपुढे मुक्कामाचा प्रश्न असतो. धरणाच्या भिंतीजवळ शेंडी आहे, तर जलाशयाच्या पार शेपटाला, गडाच्या पायथ्याशी रतनवाडी.

शेंडीत सोय जास्त. एसटीने येणाऱ्याला तेच सोपं, हॉटेलं भरपूर, एमटीडीसीचा मुक्काम तलावाकाठी. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण जवळच, आणि पाणी सोडलेलं असलं तर अंब्रेला फॉलही दिसतो. सोबत वयस्कर माणसं असतील किंवा बेत कळसूबाईचा असेल, तर शेंडीच बरी. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव तिथून जवळ पडतं.

रतनगडासाठी मात्र शेंडीचा मुक्काम सकाळी नडतो. तलावाला वळसा घालून रतनवाडी साधारण वीस किलोमीटर. रस्ता अरुंद, वळणांचा, पावसाळ्यानंतर खड्ड्यांचा. पाऊण तास सहज जातो. नाश्ता उरकून निघालेला माणूस गड चढायला लागेपर्यंत साडेआठ-नऊ होतात आणि लोखंडी शिड्यांशी तो नेमका गर्दीच्या वेळी पोचतो. शिडीवर एका वेळी एकाच दिशेने जाता येतं. वरचे उतरेपर्यंत खालचे थांबतात, कुणी घाबरून मध्येच थबकलं की सगळी रांग अडते. शनिवार-रविवारी या खोळंब्यात तास गेला, की गडावरचं नेढं, म्हणजे कड्यातलं आरपार भोक, आणि त्र्यंबक दरवाजा घाईत उरकावा लागतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागतो.

रतनवाडीत झोपलात तर उजाडताच निघता येतं. सुरुवातीला वाट प्रवरेचा ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते, मग दाट जंगल लागतं. जंगलात एक वाट कात्राबाई खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या बाजूला फुटते. चुकणारे बहुतेक तिथेच चुकतात. रतनगडासाठी उजवी धरायची. शिड्यांपर्यंत दोन-अडीच तास धरा. संध्याकाळ गावातल्या अमृतेश्वराच्या देवळाला द्या. देऊळ सगळेच बघतात, पण पुष्करणीच्या कोनाड्यांतल्या मूर्ती बघायला फार थोडे थांबतात.

रतनवाडीची अडचणही सांगायला हवी. मोबाईलला रेंज बेभरवशाची, म्हणून रोख रक्कम बरोबर ठेवा आणि पेट्रोल घोटीत भरून घ्या. जेवण घरगुती असतं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा हवा असेल तर दुपारीच सांगून ठेवावं. रात्री आठला येऊन मागितलं तर मिळेलच असं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस अफाट कोसळतो, ओढे फुगतात, तेव्हा गडाचा हट्ट नको.

उन्हाळ्यात पारडं थोडं फिरतं. जलाशयाचं पाणी आधी शेपटाकडून आटतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये रतनवाडीसमोर भेगाळलेली जमीन दिसते आणि पाणी लांब जातं. भिंतीजवळ खोली जास्त, म्हणून शेंडीला तलाव तेव्हाही तलावासारखा दिसतो. नुसतं पाण्याकाठी बसायचं असेल तर तेव्हा शेंडी. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, गडासाठी, मी रतनवाडीच सुचवेन. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी.