कॉर्पस वाटायचा की ठेवायचा? कतार, इराण, डच, नॉर्वे आणि आमची पाचपाखाडी

आमची बिल्डिंग ठाण्याच्या पाचपाखाडीत, ३२ बिऱ्हाडं, रिडेव्हलपमेंटला चाललीये आणि बिल्डर घरटी ८ लाख कॉर्पस, म्हणजे पुढच्या खर्चासाठीचा एकरकमी निधी, देणार म्हणतोय. भांडण एवढंच की तो वाटून घ्यायचा की सोसायटीच्या नावावर ठेवून व्याजातून मेंटेनन्स भागवायचा. दोन मीटिंगा झाल्या, दुसरीत एक खुर्ची मोडली. मी वाशीला गॅसच्याच धंद्यात हिशोब बघतो त्यामुळे मला हे सगळं फार ओळखीचं वाटलं, कारण जमिनीखाली गॅस सापडलेल्या देशांचं पण हेच भांडण असतं, फक्त शून्यं जास्त.

पहिलं म्हणजे जमिनीतला गॅस हा एफएसआयसारखा असतो, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हक्कासारखा. कागदावर दांडगा, पण कोणी बांधून विकल्याशिवाय त्याचा चहासुद्धा येत नाही. लोक काय करतात, एकूण साठा गुणिले आजचा भाव, की झाला देश श्रीमंत! अरे पण काढायचा खर्च वजा करा, बाजारापर्यंत न्यायचा खर्च वजा करा, आणि जो गॅस २५ वर्षांनी निघणार त्याला आजचा भाव कसा लावता? शिवाय भाव तरी कुठे स्थिर असतो, युरोपातल्या टीटीएफ या गॅस बाजाराचा भाव मे २०२० मध्ये मेगावॉट-तासाला ५ युरोच्या खाली होता आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ३०० च्या वर, म्हणजे जमिनीत काडी हलली नाही आणि कागदावरची संपत्ती साठपट.

इराण आणि कतारची जोडी बघा, मला तर हीच सगळ्यात भारी वाटते. समुद्राखाली दोघांचं मिळून एकच गॅस क्षेत्र आहे, मधून हद्द जाते, अलीकडे कतार त्याला नॉर्थ फील्ड म्हणतं आणि पलीकडे इराण साउथ पार्स. एकाच प्लॉटवरच्या दोन विंगा समजा. देशाचा एकूण साठा बघितला तर इराण पुढे, साधारण ३२ ट्रिलियन घनमीटर, कतारचा २५ च्या आतबाहेर. पण कतारने कर्ज काढून प्लांट उभे केले, गॅस उणे १६२ अंशाला थंड केला की त्याचं द्रव होतं आणि आकार सहाशेपट कमी होतो, मग जहाजात भरून कुठेही न्या. १९९६ च्या शेवटी पहिलं जहाज जपानला निघालं, २००४ पासून आपल्या गुजरातमधल्या दहेज बंदरात यायला लागलं, आणि पुढे वर्षाला ७.७ कोटी टनांची क्षमता उभी राहिली. इराणवर निर्बंध, जहाजाने विकायची सोय नाही, बराचसा गॅस घरातच स्वस्तात जळतो आणि एवढं असून थंडीत टंचाई. साठा मोठा कोणाचा आणि पैसा कोणाचा, तुम्हीच बघा.

आता पैसा हातात आल्यावरचं. डच लोकांना ग्रोनिंगेनला १९५९ मध्ये गॅस सापडला, मूळ साठा २,८०० अब्ज घनमीटरच्या घरात, प्रचंडच. पैसा मुख्यतः सरकारी खर्चात गेला, म्हणजे अगदी उधळला असं नाही, काही रस्ते-रेल्वेतही गेला, पण त्यांचं चलन महाग झालं आणि कारखान्यांचा माल बाहेर विकला जाईना. १९७७ मध्ये या दुखण्याला डच डिसीज हे नाव पडलं. आणि पुढे वेगळंच झालं, गॅस निघाल्यावर खालचा वाळूचा खडक दबत गेला आणि भूकंप व्हायला लागले, २०१२ मध्ये हुइझिंगे गावाला ३.६ चा झाला, घरांना तडे गेले. १ ऑक्टोबर २०२३ ला उत्पादन बंद. खाली अजून बराच गॅस आहे, पण त्याला हात लावायचा नाही. ही संपत्ती धरायची की नाही?

नॉर्वेला १९६९ मध्ये एकोफिस्कला तेल सापडलं, मग ट्रोलसारखी मोठी गॅस क्षेत्रं. कंपन्यांच्या नफ्यावर एकूण ७८ टक्के कर, १९९० मध्ये हा पैसा साठवायच्या सरकारी फंडाचा कायदा, १९९६ मध्ये पहिला भरणा. पैसा फक्त देशाबाहेर गुंतवायचा, म्हणजे डच डिसीज नको. आणि महागाई वजा जाता जेवढा परतावा अपेक्षित तेवढाच खर्चायचा, २००१ मध्ये ४ टक्के ठरलं, २०१७ मध्ये ३ वर आणलं. २०२४ अखेर फंड जवळपास २० लाख कोटी क्रोनर, लोकसंख्या साधारण ५५ लाख, माणशी आपल्या रुपयात अडीच कोटींच्या वर! गॅस गेला पण संपत्ती गेली नाही, समुद्राखालून उठून शेअर्समध्ये जाऊन बसली.

आमचा हिशोब. २ कोटी ५६ लाख, ७ टक्क्यांनी व्याज १७ लाख ९२ हजार, घरटी महिन्याला साधारण ४,६६६. ऐकायला गोड आहे, पण सगळं व्याज खाल्लं तर मुद्दल तेवढंच राहतं आणि लिफ्टवाला दरवर्षी रेट वाढवतो. नॉर्वेच्या ३ टक्क्यांनी फक्त २,००० मिळतात. मीटिंगमध्ये हा आकडा सांगितल्यावर लोक माझ्याकडे असे बघायला लागले की मीच उरलेले खिशात घालणार.

पण वाटून घ्या म्हणणारे वेडे नाहीयेत. दुसऱ्या मजल्यावरच्या माई म्हणाल्या, "मला आत्ता गुडघा बदलायचाय रे, तुझ्या नॉर्वेचं मी काय करू?" बरोबरच आहे, गरीब देशाला पण हेच लागू होतं, आज दवाखाना नसेल तर पैसा उद्याच्या सुखवस्तू नातवंडांसाठी का दाबून ठेवायचा, नॉर्वे आधीच खाऊनपिऊन सुखी होता. आणि दुसरं, सांभाळणार कोण? नॉर्वेच्या फंडाचा आकडा वेबसाइटवर हलताना दिसतो, आमचा ऑडिट रिपोर्ट दोन वर्षांनी टँकरच्या टाइमटेबलखाली टाचलेला सापडला.

तुमच्याकडे मेंबर म्हातारे असतील आणि कमिटीवर भरवसा नसेल तर सरळ वाटा. तरुण कुटुंबं जास्त आणि टॉवर उंच असेल तर ठेवा. आमच्यासाठी मी मांडलंय की २ लाख हातात, ६ लाख सोसायटीकडे, वर्षाला ३ टक्केच काढायचे, मुद्दलाला हात लावायचा तर तीन चतुर्थांश मतं पाहिजेत.

आणि हो, पैसा अजून आलेलाच नाहीये! आपल्याच आंध्रच्या किनाऱ्यासमोरच्या केजी-डी६ या गॅस क्षेत्रात आधी १० ट्रिलियन घनफुटांच्या आसपास निघेल असा अंदाज होता, २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं, मग विहिरींत पाणी-वाळू शिरली आणि अंदाज ३ वर आला. आमच्या ड्राफ्टमध्ये कॉर्पसचा पहिला हप्ता घर खाली केल्यानंतर आहे आणि बँक गॅरंटीचा (बिल्डरने पैसे दिले नाहीत तर बँक देईल, या हमीचा) रकाना कोरा, त्यामुळे रविवारी मी आधी तो रकाना उघडून दाखवणार, वाटायचं का ठेवायचं ते मग.