नळीवाली दूधबाटली: पोटात हवा कमी, धुण्याचा व्याप दुप्पट

गुण: ५ पैकी २

आत हवेची नळी असलेली ‘अँटी-कोलिक’ बाटली घेतात ती बाळाच्या पोटात हवा जाऊ नये म्हणून. ते काम ती बऱ्यापैकी करते. बाळ दूध ओढतं तशी बाहेरची हवा नळीतून थेट तळाकडे जाते, निप्पल चपटं होत नाही. पण बाळाला जुलाब होऊ नयेत या कसोटीवर ती साध्या बाटलीच्याही मागे पडते, कारण दूध अडकायच्या जागा वाढतात.

साध्या बाटलीत बाटली, निप्पल, आट्यांची रिंग आणि झाकण, एवढंच. इथे नळी, तिचा दांडा आणि रबरी चकती यांची भर. चकतीखाली बोटाला बुळबुळीत लागलं की समजावं, ती सुटी न करताच धुतली जातेय. असा थर तसाच ठेवून उकळलं तर त्याच्या आडोशाने जंतू तगू शकतात. म्हणून आधी घासायचं, मग उकळायचं.

दूध पाजून झालं की लगेच सगळे भाग सुटे करून गार पाण्याने खळबळून घ्यावेत. वाळलेलं दूध मग निघता निघत नाही. नंतर गरम साबणपाण्यात ब्रशने घासावं, निप्पल उलटं करून चोळावं आणि त्याच्या भोकातून पाणी दाबून काढावं. नळीसाठी बारीक ब्रश सोबत येतो. संचातली सगळ्यात कामाची वस्तू तीच आणि सगळ्यात आधी हरवणारीही तीच. तो नसेल तर ही बाटली वापरूच नये. उकळताना नळी आडवी बुडवून आतली हवा बाहेर काढावी, नाहीतर आतला भाग कोरडाच राहतो. पाणी खळखळल्यावर १० मिनिटं. फडक्याने पुसू नये, निथळू द्यावं.

एवढं करून दूध कोमट पाण्यात कालवलं तर मेहनत वाया. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. हात साबणाने २० सेकंद धुवावेत (बाळाची शी काढल्यावर तर न चुकता). पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते किमान ७० अंश सेल्सियस असतानाच, पावडर घालावी. मग बंद बाटली गार पाण्यात धरून दूध निववावं आणि मनगटावर थेंब टाकून पाहावं. २ तासांत पाजावं, उष्टं उरलेलं टाकून द्यावं.

काही संचांत बाटली उबदार ठेवायची पिशवी येते. गुण कापले ते मुख्यतः हिच्यामुळे. तयार दूध तासन्‌तास कोमट ठेवणं म्हणजे जंतूंची पैदास करणं. बाहेर जाताना थर्मासमध्ये उकळतं पाणी आणि कोरड्या डबीत मोजलेली पावडर वेगवेगळी न्यावी.

पहिले ६ महिने फक्त अंगावरचं दूध मिळत असेल तर यातलं काहीच लागत नाही. वरचं दूध द्यावंच लागलं तर आमची पसंती उघड्या तोंडाच्या लहान कपाला. त्यात ना कोपरा ना आटे. बाळाला टेकवून बसतं धरावं, कप खालच्या ओठाला लावून दूध ओठाशी येईल इतपतच कलता करावा आणि बाळाला स्वतः चाटू द्यावं. तोंडात ओतलं तर ठसका लागतो.

तरीही नळीवालीच हवी असेल तर रुंद तोंडाची घ्यावी आणि दुकानातच चकती नखाने सुटते का ते पाहावं. निप्पल चिकट झालं, फुगलं किंवा चिरलं की लगेच बदलावं.