लॅपटॉपची घरघर स्टेजवर: आधी डीआय बॉक्स घ्यावा की ऑडिओ इंटरफेस?

गणपतीचा मंडप असो, नवरात्रीचं ग्राउंड असो की दादरच्या शिवाजी मंदिरचा रंगमंच, लॅपटॉपवरून ट्रॅक वाजवणाऱ्यांची तक्रार एकच. घरी हेडफोनवर सगळं स्वच्छ, मिक्सरला जॅक लावला की घूंऽऽ. मग एकजण ऑडिओ इंटरफेस, म्हणजे यूएसबीनं जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड, घ्यायला सांगतो, दुसरा लॅपटॉपच बदलायला. पैसे काढण्याआधी चार्जर काढून बघा.

आवाज तिथल्या तिथे थांबला, तर भानगड अर्थिंगच्या लूपची. लॅपटॉपला अर्थ मिळतो चार्जरच्या तिसऱ्या पिनेतून, मिक्सरला त्याच्या पॉवर केबलमधून, आणि ऑडिओ केबलमधलं तारांचं जाळीदार आवरण ही दोन टोकं जोडतं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून 50 आणि 100 हर्ट्झची खोल गुणगुण ऐकू येते. माउस हलवल्यावर होणारी चिरचिर लॅपटॉपच्या आतली. तीही बहुतेक वेळा याच वाटेनं मिक्सरपर्यंत पोचते. चार्जर काढूनही आवाज राहिला तर आधी केबल बदला. दिवे मंद होताना आवाज बदलत असेल तर केबल डिमरच्या वायरींपासून लांब न्या.

फुकटचा उपाय म्हणजे बॅटरीवर वाजवणं. पाऊण तासाच्या कार्यक्रमाला उत्तम. तीन तासांच्या ऑर्केस्ट्राला मात्र त्या भरवशावर राहू नये. बॅटरी जुनी असेल तर नाहीच, आणि पॉवर सेव्हिंग सुरू झालं की काही लॅपटॉप आवाजात टकटक करू लागतात. चार्जर लावावाच लागला तर वीज साउंडवाल्यांच्या लाइनवरून मागा, लाइटच्या बोर्डावरून नको.

विकत घ्यायच्या वस्तूंत सगळ्यात स्वस्त ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे आवाज पुढे जाऊ देऊन अर्थची जोडणी तोडणारी डबी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतो, गुणगुण खरंच घालवतो. पण आतला ट्रान्सफॉर्मर इवलासा असतो, आवाज वाढवला की खर्जात दमतो. ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा आणि बेस गिटार दोन्ही पातळ होतात. निवेदनामागच्या संगीताला चालेल, नाचाच्या ट्रॅकला घेऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे: ट्रॅक वाजवणाऱ्यानं पहिली खरेदी दोन चॅनलच्या पॅसिव्ह (वीज न लागणाऱ्या) डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, बॉक्सची करावी. काम तेच, ट्रान्सफॉर्मरनं विजेची जोडणी तोडायचं, पण ट्रान्सफॉर्मर दमदार. शिवाय सिग्नल बॅलन्स्ड होतो, म्हणजे दोन उलट तारांतून जातो आणि वाटेत शिरलेला गोंगाट मिक्सरमध्ये रद्द होतो, त्यामुळे प्रेक्षागृहाच्या मागे बसलेल्या मिक्सरपर्यंत लांब केबल बिनधास्त टाकता येते. हेडफोनच्या जॅकपासून डीआयपर्यंतची केबल तेवढी आखूड ठेवा. अर्थची जोडणी तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, आउटपुट माइकच्या इनपुटला द्या. साधारण 12:1 गुणोत्तराच्या ट्रान्सफॉर्मरमुळे सिग्नल 20 डेसिबलहून जास्त उतरतो, साउंडवाल्या दादांना गेन वाढवायला आधीच सांगा. अ‍ॅक्टिव्ह डीआय गिटारसाठी छान, पण त्याला 48 व्होल्ट फँटम (मिक्सरकडून माइकच्या केबलमधून येणारी वीज) किंवा बॅटरी लागते आणि प्रत्येकात ट्रान्सफॉर्मर असेलच असं नाही. विचारून घ्या.

इंटरफेस महाग, आणि निव्वळ घरघरीसाठी घेणं मला पटत नाही. बॅलन्स्ड आउटपुटमुळे पुष्कळदा आवाज जातो, पण यूएसबी केबलमधून लॅपटॉपचा अर्थ इंटरफेसपर्यंत पोचलेलाच असतो. चिरचिर उरली तर पुढे डीआय लावावाच लागतो. इंटरफेसची खरी गरज वेगळी: ड्रमरच्या कानात क्लिक (तालाची टिकटिक) आणि बाहेर ट्रॅक. त्यासाठी किमान चार आउटपुट असलेला बघा.

कीबोर्डवाल्यांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कीबोर्ड यूएसबीनं लॅपटॉपला आणि जॅकनं मिक्सरला जोडला, की चार्जर लावलेला असताना लॅपटॉपचा अर्थ कीबोर्डमार्गे मिक्सरला भिडतो. लॅपटॉपच्या ऑडिओला कितीही चांगला डीआय लावा, कीबोर्डच्या चॅनलवर गुणगुण कायम. मिडी म्हणजे कीबोर्डचे सूर संदेशरूपात पाठवणारी जोडणी; तिच्या जुन्या पाच पिनांच्या प्रकारात ऑप्टो-आयसोलेटर (सिग्नल प्रकाशातून पोचवणारा भाग) असतो, म्हणून तिथे हा त्रास नाही. यूएसबीच वापरायची असेल तर मध्ये यूएसबी आयसोलेटर लावा. स्वस्त आयसोलेटर 12 मेगाबिटचे असतात. मिडीला ते भरपूर झाले, पण 480 मेगाबिटवर चालणारा मोठा इंटरफेस त्यावर चालणार नाही.

चार्जरची अर्थची पिन तोडणं किंवा तिच्यावर टेप लावणं हा पर्यायच नाही, कुणी कितीही अनुभवी माणसानं सुचवला तरी. चार्जर आतून बिघडला तर 230 व्होल्ट ऑडिओ केबलच्या जाळीदार आवरणावर येऊ शकतात. भर पावसाळ्यात, ओल्या मंडपात, गाणाऱ्याचे ओठ माइकच्या जाळीला टेकलेले असतात. गुणगुण असह्य झाली तर तेवढं गाणं ट्रॅकशिवाय, नुसत्या पेटी-ढोलकीवर म्हणा.