डीकॅलच्या नावाखाली इंकजेटचा कागद: ४,३२० रुपये गेले

लाज वाटते, तरी लिहितोय. अठरा वर्षं विमानांच्या मॉडेलची किट जोडणाऱ्या माणसाला डीकॅलमध्ये (पाण्यात भिजवून मॉडेलवर बसवायच्या छापील खुणांमध्ये) कुणी चुना लावावा!

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला आणि कपाटात पडून असलेलं १:४८ प्रमाणातलं मिग-२१ बिसचं किट मी बाहेर काढलं. किटमधले डीकॅल पिवळे पडून तडकलेले. भारतीय वायुसेनेच्या खुणांचे चांगले डीकॅल मिळणं किती कठीण, हे करणाऱ्यालाच ठाऊक. तेवढ्यात एकाची जाहिरात दिसली: 'युरोपातून मागवलेले, स्क्रीन प्रिंटिंगचे, शेवटच्या दोन शीट'. एक शीट १,४५० ला. दोन्ही घेतल्या, २,९००. कुरिअर १८०. चार दिवसांनी 'कस्टममध्ये अडकलंय, १,२४० टाका'. टाकले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. (कस्टम ड्युटी विक्रेत्याच्या यूपीआयवर भरत नसतात, हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं.)

पार्सल आलं, हे त्यातलं नवल. पाकिटावर शिक्का आपल्याच राज्यातला. तरी मी फोडलं, कारण ग्लॉस कोट (डीकॅल नीट बसावा म्हणून द्यायचा चकचकीत थर) मारून विमान वाळत ठेवलेलं होतं आणि मला घाई होती.

वायुसेनेच्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या चिन्हाचा पहिला गोल कोमट पाण्यात टाकला. वीस सेकंदांत केशरी रंग वाटीत उतरला. दुसऱ्यावर कसलातरी स्प्रे होता, तो टिकला, पंखावर बसला, आणि मधलं पांढरं कडं गायब! राखाडी पंख आरपार दिसत होता. केशरीचा झाला विटकरी, हिरव्याचा काळपट. आधी मी स्वतःलाच दोष दिला. ग्लॉस कमी पडला असेल, खाली हवा राहिली असेल, म्हणून वर सॉफ्टनर (डीकॅल मऊ करून चिकटवणारं द्रावण) लावला. त्याने उरलासुरला गोल सुरकुतला आणि खालचा रंगही ओरबाडला गेला.

आता जिथे डोळे उघडायला हवे होते ते सांगतो. साधा इंकजेट पांढरा रंग छापतच नाही. जिथे पांढरं हवं तिथे तो कागद कोरा सोडतो, आणि डीकॅलची फिल्म पारदर्शक असल्याने तिथे खालचा रंग दिसतो. खरं पांढरं छापलेल्या चांगल्या शीटचा कागद बहुधा फिकट निळसर असतो, त्यावर छापलेलं पांढरं उठून दिसतं. त्याच्या फोटोत कागद पांढराशुभ्र होता. पांढऱ्यावर पांढरं! मी तो फोटो मोठा करून पाहिला, आकड्यांची जाडी तपासली, गोलाचा व्यास मोजला, आणि हे एवढं दिसलं नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, दिवसभर ऑफिस झालं होतं, 'शेवटच्या दोन' वाचलं होतं. कुणाचंही झालं असतं. निदान मी स्वतःला तसं सांगतो.

बँकेत गेलो. 'पिन तुम्हीच टाकलात ना?' विषय संपला. पोलीस चौकीत पाऊण तास बसवून साहेब म्हणाले, 'खेळण्यातल्या विमानाचे स्टिकर?' शेजारचा हवालदार हसला. स्टिकर नाही, डीकॅल म्हटलं, तर 'तेच ते'. मग म्हणे, वस्तू तर मिळाली, फसवणूक कसली? ग्राहक तक्रार करा. ग्राहक तक्रारीला विक्रेत्याचा पत्ता लागतो. पत्ता शोधायचा कुणी? पोलिसांनी. पुन्हा चौकी. तिथे आता दुसरे साहेब, त्यांना पहिल्यापासून सांगा. तीन फेऱ्या, दोन अर्ध्या रजा, आणि हातात साध्या अर्जाची पोच.

पैसे गेल्या-गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपोटी नऊ दिवस घालवले. शीट आली की कोपऱ्यातला एक नको असलेला आकडा आधी पाण्यात टाकून गडद प्लास्टिकवर बसवून बघा. आणि विक्रेत्याकडून तसाच, गडद रंगावर बसवलेल्या डीकॅलचा व्हिडिओ मागा. मी मागितला होता. 'सर, विश्वास नाही का?' असं उत्तर आलं, आणि मीच ओशाळलो!

परवा तोच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा दिसला. डाव्या कोपऱ्यात तीच हिरवी मोजपट्टी. भाव आता १,६५०, आणि अजूनही शेवटच्या दोनच.