चार बोटे बाकी: स्प्लिटसाठी आठ महिने स्ट्रेचिंग केल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये रत्नागिरीत पाऊस लागला आणि मांडवीच्या किनाऱ्यावरचे संध्याकाळचे चालणे बंद पडले, तेव्हा घरात करता येण्याजोगा व्यायाम म्हणून मी स्प्लिटचा, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे सरळ पसरून जमिनीला टेकण्याचा (योगात ज्याला हनुमानासन म्हणतात), सराव सुरू केला. माझे वय ४३ असून नोकरी दिवसभर खुर्चीवरची आहे. पहिल्या दिवशी जांघ आणि जमीन यांत ३४ सेंटिमीटर अंतर होते. आज उजवा पाय पुढे असताना मी जमिनीला टेकतो. डावा पुढे घेतला तर अजून चार बोटे अंतर राहते.

पहिले दोन महिने चुकीच्या जागी खर्च झाले. मांडीमागचे स्नायू आखडले असणार असे धरून मी नुसता वाकून अंगठे पकडत राहिलो. अंतर थोडे कमी झाले आणि मग अडले. खरा अडसर मागच्या पायात होता, हे आईमुळे कळले. ती सत्तरीतही विळीवर बसून सहज तीन नारळ खवते, उकिडवी बसून सुपारी सोलते. पण गंमत म्हणून तिला एक गुडघा मागे टेकून कंबर पुढे न्यायला सांगितली, तर ती माझ्याइतकीच अडली. आपल्या सर्व बैठकींत, मग ती पाटावरची असो वा खुर्चीवरची, खुब्याचा सांधा पुढेच मुडपलेला राहतो, तो मागे ताणला जाण्याची वेळ येतच नाही. त्यानंतर मी निम्मा वेळ मागच्या पायाच्या जांघेला दिला आणि अडलेले अंतर पुन्हा कमी होऊ लागले.

माझी पद्धत अशी आहे: दहा मिनिटे अंग गरम करायचे, मग ताणाच्या टोकाशी थांबून दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे सहा-सात सेकंद दाबायचे, सैल सोडायचे आणि मिळालेल्या जागेत ३० सेकंद राहायचे. अशा दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. सुरुवातीला जो फरक दिसतो तो बहुतांशी स्नायू लांब झाल्याचा नसतो, ताण सोसण्याची मज्जासंस्थेची तयारी वाढल्याचा असतो. म्हणूनच आठवडाभर खाडा झाला की अंग पुन्हा कुरकुरते.

सप्टेंबरमध्ये घाई नडली. अंग गरम न करता जोर दिला आणि बसताना ज्या हाडावर भार येतो, नेमके तिथे दुखू लागले. स्नायूच्या मध्यभागी जाणवणारा ताण चालतो, हाडाजवळची टोचणी किंवा गुडघ्यामागची झिणझिण चालत नाही, हा भेद मला पाच आठवडे विश्रांती घेऊन शिकावा लागला.

साहित्याच्या नावाने फारसे काही लागत नाही. दोन्ही हातांखाली मी जुने लाकडी पाट ठेवतो आणि अंतर कमी होईल तसा एकेक काढून टाकतो. पुढच्या टाचेखाली घडी केलेला पंचा घेतला की पाय हळूहळू सरकतो. मात्र पावसाळ्यात लादी ओलसर होऊन पंचा तिला चिकटतो, आणि मग पाय मध्येच अडून झटका बसतो. त्या दिवसांत लादी दोनदा कोरडी पुसून घ्यावी लागते. डाव्या पायासाठी सध्या एक फेरी जास्त करतो, आणि त्या बाजूचा शेवटचा पाट अजून काढलेला नाही.