बॅटरीवरच्या उपकरणात लोड (मोटर, एलईडीसारखा वीज घेणारा भाग) चालू-बंद करायला बीजेटी (बेसला प्रवाह दिला की चालू होणारा ट्रान्झिस्टर) घ्यावा की मॉसफेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालू होणारा ट्रान्झिस्टर)?

एका लिथियम सेलवर ५०० मिलिअँपिअर घेणारी छोटी मोटर मायक्रोकंट्रोलरने चालवायची आहे, असं धरू.

२एन२२२२ए हा बीजेटी वापरलात तर तो पूर्ण सॅच्युरेट व्हायला, म्हणजे पूर्ण उघडायला, बेसला लोडच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ५० मिलिअँपिअर द्यावे लागतात. बहुतेक मायक्रोकंट्रोलरच्या पिनला एवढं झेपत नाही. दिले तरी कलेक्टर-एमिटरमध्ये (लोडचा प्रवाह जातो त्या दोन टोकांमध्ये) १ व्होल्टपर्यंत पडू शकतो, म्हणजे अर्धा वॅट नुसता उष्णतेत जातो. एओ३४०० हा एन-चॅनल मॉसफेट गेटवर २.५ व्होल्ट असताना जास्तीत जास्त ५२ मिलिओहम रोध दाखवतो. तिथे नुकसान १३ मिलिवॅट, आणि चालू स्थितीत गेटला प्रवाह जवळजवळ लागतच नाही. या कामाला मॉसफेटच घ्यावा.

मात्र कुठलाही मॉसफेट चालत नाही, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते. आयआरएफझेड४४एन या मॉसफेटचा १७.५ मिलिओहम रोध हा आकडा गेटवर १० व्होल्ट असतानाचा आहे. डेटाशीटमधला थ्रेशोल्ड म्हणजे जेमतेम २५० मायक्रोअँपिअर वाहू लागतात तो बिंदू. तो पाहून भाग निवडला की ३.३ व्होल्टवर मॉसफेट अर्धवट उघडतो आणि तापतो. सेल ३ व्होल्टपर्यंत उतरणार, म्हणून २.५ व्होल्टला रोध दिलेला असेल तोच भाग घ्या. गेटपासून ग्राउंडला १०० किलोओहम लावा, नाहीतर रीसेटच्या वेळी पिन अधांतरी राहून मोटर झटका घेते. मोटरला उलटा समांतर १एन५८१९ डायोड हवाच.

आता स्विच ग्राउंडच्या बाजूला की बॅटरीच्या बाजूला? मोटर, एलईडीसाठी ग्राउंडच्या बाजूला एन-चॅनल सोपा. सेन्सरसाठी तो नको: ग्राउंड तुटलं तरी डेटा लाइनमधून प्रवाह शिरत राहतो आणि सेन्सर अर्धवट जागा राहतो. तिथे बॅटरीच्या बाजूला पी-चॅनल मॉसफेट एओ३४०१ लावावा; हा गेट सोर्सच्या (बॅटरीकडच्या टोकाच्या) खाली ओढलं की उघडतो. पण सोर्स ४.२ व्होल्टवर आणि पिन ३.३ वर असेल तर गेट-सोर्समध्ये ०.९ व्होल्ट उरतो, तेवढ्यावर हा मॉसफेट पूर्ण बंद होईलच असं नाही. म्हणून गेट १०० किलोओहमने सोर्सला बांधा आणि खाली ओढायला बीसी५४७ हा छोटा बीजेटी लावा, त्याच्या बेसला १० किलोओहम. इतक्या किरकोळ प्रवाहाला बीजेटी उत्तम.

लोडवर मोठा कपॅसिटर असेल तर चालू होताना बॅटरीचं व्होल्टेज दबून कंट्रोलर रीसेट होतो. गेट आणि बीसी५४७च्या कलेक्टरमध्ये १० किलोओहम आणि गेट-सोर्समध्ये १०० नॅनोफॅरड लावलं की चालू व्हायला मिलिसेकंदभर लागतो आणि तो धक्का बराच ओसरतो. बंद व्हायला मात्र दहापट वेळ जाईल, त्यामुळे ही जोडणी पीडब्ल्यूएमसाठी (वेगाने चालू-बंद करून शक्ती कमी-जास्त करण्यासाठी) वापरू नका.

बाहेरून चार्जर लोडच्या बाजूला जोडला जाणार असेल तर एकटा पी-चॅनल पुरत नाही. त्याच्या अंगच्या डायोडमधून प्रवाह उलटा बॅटरीत जातो. तिथे सोर्सला सोर्स जोडून दोन मॉसफेट लावावे लागतात.